हरळीच्या हिरवळीवर हिवाळ्यासाठी राय गवताची पेरणी

थंडी वाढली की हरळी पिवळी पडते; ती मेलेली नसते, तर तिची मुळे आणि जमिनीलगतचे धुमारे उन्हाळ्याची वाट पाहत असतात. या काळातही अंगण हिरवे हवे असेल, तर त्याच हिरवळीवर बहुवर्षीय राय गवताचे बी पेरता येते. मात्र हरळी लावून वर्षही झाले नसेल, तर एक हिवाळा थांबावे, कारण पाहुण्या गवताशी स्पर्धा तिला झेपत नाही.

रात्रीचे तापमान १३ ते १५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरू लागले, की पेरणी करावी. त्याआधी घाई केल्यास जोमात असलेली हरळी कोवळ्या रोपांना वर येऊ देत नाही. पेरणीपूर्वी तीन-चार आठवडे नत्रखत बंद ठेवावे. तणांचे बी उगवू न देणारे तणनाशक अलीकडे मारले असेल, तर ते रायचेही बी अडवते, हे विसरू नये.

सगळे यश बी मातीला टेकण्यावर अवलंबून आहे. म्हणून हिरवळ दीड-दोन सेंटिमीटरपर्यंत खाली कापावी, कापलेले गवत उचलावे आणि दंताळ्याने वाळक्या काड्यांचा थर उपसावा. नंतर बोटांनी गवत बाजूला करून पाहावे: माती दिसली नाही, तर दंताळे पुन्हा फिरवावे. या कामात कंटाळा केला, तर कितीही महाग बी आणले तरी ते काड्यांवरच वाळते.

दर चौरस मीटरला २५ ते ५० ग्रॅम बी घ्यावे. निम्मे उभे आणि निम्मे आडवे फेकले, म्हणजे पट्टे पडत नाहीत. वर चाळलेल्या कंपोस्टचा जेमतेम अर्धा सेंटिमीटरचा थर द्यावा. उगवण होईपर्यंत, म्हणजे साधारण पाच ते दहा दिवस, दिवसातून तीन-चार वेळा बारीक तुषारांनी केवळ वरची माती ओली ठेवावी. पाणी साचू देऊ नये आणि संध्याकाळी उशिरा देऊ नये, कारण रात्रभर ओल्या राहिलेल्या दाट रोपांना बुरशी लागून ती बुडापासून कोलमडतात. उगवण झाली की पाळ्या कमी करून पाणी खोलवर मुरू द्यावे.

रोपे पाच सेंटिमीटरची झाल्यावर, जमीन कोरडी असताना, धारदार पात्याने फक्त वरचा एक तृतीयांश भाग कापावा; बोथट पाते कोवळी रोपे मुळासकट उपटते. खत दुसऱ्या कापणीनंतर द्यावे.

हिवाळा सरताना राय गवत हरळीचे ऊन आणि पाणी अडवू लागते. तेव्हा कापणी टप्प्याटप्प्याने खाली आणावी आणि पाणी काही काळ कमी करावे, म्हणजे हरळीला पुन्हा जागा मिळते.