गच्चीवर सिनेमा लावताना

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांना टेकतो आणि गच्चीची फरशी रात्री आठलाही चटके देते. म्हणून प्रोजेक्टर फरशीवर नको, लाकडी स्टुलावर ठेवा. त्याची हवेची जाळी मोकळी सोडा. ती झाकली गेली की यंत्र तापतं आणि सिनेमा ऐन रंगात आला असताना बंद पडतं. संध्याकाळीच दोन बादल्या पाणी मारलं तर बसणाऱ्यांचेही हाल वाचतात.

पडद्याला डबलबेडची पांढरी चादर पुरते. वरची कड दोरीला चिमट्यांनी पक्की करा, खालच्या कडेला दुमड शिवून त्यात बांबू घाला. आम्ही पहिल्यांदा नुसतीच टांगली होती. वाऱ्यानं नायकाचे गाल सारखे फुगायचे, आजी हसून बेजार!

१०० इंची (कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकं मोजलेलं) चित्र साधारण सव्वादोन मीटर रुंद येतं. थ्रो रेशो, म्हणजे पडद्यापासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी, १.५ असेल, तर प्रोजेक्टर पडद्यापासून सुमारे ११ फुटांवर हवा. थ्रो रेशोचा आकडा प्रोजेक्टरच्या माहितीपुस्तिकेत सापडतो. साडेसातच्या आत घाई नको, उजेडात चित्र फिकं दिसतं. स्पीकर पडद्याजवळ. आणि शेवभाजी आधीच उरकून घ्या, तेलकट बोट लेन्सला लागलं की सगळं धूसर.