घरी गाणं रेकॉर्ड करताय? आधी इनपुट बघा

मे महिन्यात तासगावहून आत्या आली होती, तिच्या भूपाळ्या आणि अभंग मी आमच्या सांगलीच्या घरी रेकॉर्ड केले, पंखा बंद, खिडक्या बंद, बिचारी घामाने निथळत दीड तास गायली आणि ते सगळं लॅपटॉपच्या स्वतःच्या माईकवर रेकॉर्ड झालं. समोर स्टँडवर चांगला कंडेन्सर माईक उभा असताना. दिवाळीनंतर ती परत येणारे, म्हणून ही तयारी लिहून ठेवतोय.

पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं, सॉफ्टवेअरमध्ये इनपुट कुठलं निवडलंय ते बघा. मी आदल्या रात्री बघितलं होतं, बरोबर होतं. सकाळी लॅपटॉप माडीवरून खालच्या खोलीत आणताना इंटरफेसची (माईक लॅपटॉपला जोडायच्या डबीची) यूएसबी काढली, परत लावली, तेवढ्यात इनपुट लॅपटॉपच्या माईकवर गेलं. मला कळलं नाही कारण मीटर हलत होता, तो माईकपण आवाज घेतोच की. आणि हेडफोन इंटरफेसला, डायरेक्ट मॉनिटर (माईकचा आवाज लॅपटॉपमधून न फिरता थेट कानात) चालू, म्हणजे कानात येत होता चांगल्या माईकचा आवाज आणि फाइलमध्ये जात होता दुसराच. त्यामुळे हेडफोनमध्ये छान ऐकू येतंय यावर अजिबात विसंबू नका. अर्धा मिनिट रेकॉर्ड करा, माईकच्या जाळीवर नख हळूच घासा, थांबवा आणि परत वाजवून ऐका. खर्रखर्र मोठ्ठं आलं तर बरोबर. लांबून कुठून तरी आल्यासारखं वाटलं तर तिथंच थांबा.

आता खोली. खाली शहाबादी आणि चारी भिंती उघड्या असल्या की आवाज घुमणारच, आणि तो घुमारा नंतर कशानेच नीट निघत नाही. खाली सतरंजी टाका आणि गाणाऱ्याच्या पाठीमागे दोरीवर दोन जाड वाकळा टांगा, भिंतीपासून वीतभर पुढे. पाठीमागे अशासाठी की माईकचं तोंड तिकडं असतं, त्या भिंतीवरून उलटून आलेला आवाज तो सरळ उचलतो. अंड्यांचे ट्रे चिकटवत बसू नका, वरचे बारीक आवाज थोडे कमी होतात, बाहेरची रिक्षा जशीच्या तशी आत येते.

फ्रीज, पंखा, मोबाईल बंद. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा, आपली लाईट ५० हर्ट्झची, तिची घुंऽऽ बऱ्याचदा चार्जरमधूनच आत शिरते. इन्व्हर्टरवर तर रेकॉर्डिंग नकोच. कंडेन्सरला ४८ व्होल्ट फँटम (इंटरफेसमधून माईकला जाणारी वीज) लागतं, ते बटण दाबा. आणि हे सगळं करताना यूएसबी काढली असेल तर इनपुट परत बघा.

माईक तोंडापासून एक वीत, जरा तिरका, म्हणजे प, फ, भ चा फटका बसत नाही. गेन (माईकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते) लावताना हॅलो हॅलो करू नका, सगळ्यात चढी ओळ गायला लावा, ती मीटरवर -१२ डीबीच्या आसपास राहू दे, कारण माणूस रंगला की अजून वर जातो आणि शून्याला फुटलेला आवाज गेला तो गेलाच. सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डिंग २४ बिटवर ठेवलं की थोडं हळू आवाजात रेकॉर्ड झालं तरी चालतं.

तंबोऱ्याला वेगळा माईक असेल तर उत्तम. आमचा मिरजेचा आहे, तिथल्या तंबोऱ्याला २०२४ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय तो उगीच नाही, आणि मेच्या त्या फाइलमध्ये त्याची जवारी (तारांचा गुंजता नाद) डास गुणगुणल्यासारखी येतीय, मला ऐकवत नाही. माईक घोडीला चिकटवू नका, हातभर लांब ठेवा. लो कट (खालचे जाड आवाज कापणारा फिल्टर) गळ्याला खुशाल लावा, तंबोऱ्याला नको. काळी एकला मिळवलेल्या मोठ्या तंबोऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झला बोलते, ८० चा कट लावला की तिचा पायाच जातो.

वेळ पहाटेची धरा. गाण्याआधी अर्धा मिनिट कुणी काही न बोलता नुसती खोली रेकॉर्ड करा, नंतर नॉईज काढायला लागते. मध्ये चहाला थांबलात, लाईट गेली, लॅपटॉप स्लीपला गेला, वायर हलली, काहीही होऊ दे, परत इनपुट बघा, परत नख घासा, परत वाजवून ऐका. आत्या दोन मिनिटं बसून राहील, दीड तास परत गायला लावायचं म्हणजे अवघड आहे.

बाकी नंतरचं. वेव्ह फाइल त्याच दिवशी दोन ठिकाणी ठेवा. नॉईज जरा बेतानेच काढा, जास्त काढलं की पाण्यातून गायल्यासारखं होतं. ईक्यू (जाड-बारीक आवाज कमीजास्त करणं) सावकाश. एमपीथ्री फक्त व्हॉट्सॲपला पाठवायला.