केक मधोमध बसतोय? ब्लीच्ड-अनब्लीच्ड मैदा घेताना या चुका टाळा

अमेरिकन रेसिपी ग्रॅमभरही न चुकता केली, तरी ओव्हनमधून काढताच केक मधोमध खचतो आणि तळाशी चिकट थर राहतो. बेकिंग पावडरच्या नावाने बोटं मोडण्याआधी साखर आणि मैद्याची वजनं बघा. साखर मैद्यापेक्षा जास्त असेल, तर ती रेसिपी बहुधा क्लोरीनने ब्लीच केलेल्या केक फ्लोअरची, म्हणजे केकसाठीच्या खास पिठाची आहे. (ब्लीच्ड म्हणजे रसायनाने पांढरं केलेलं पीठ, अनब्लीच्ड म्हणजे तसं न केलेलं.) क्लोरीनमुळे पीठ जरा आम्लधर्मी होतं, स्टार्च जास्त पाणी धरून ठेवतो आणि भरपूर साखरेचं पातळ मिश्रणही उभं राहतं. साध्या मैद्याला तो भार पेलत नाही.

यावर इलाज असा: 125 ग्रॅम मैद्यातून 2 मोठे चमचे (साधारण 16 ग्रॅम) काढा, तेवढंच कॉर्नफ्लोअर घाला, दोनदा चाळा. साखरही 120 ग्रॅमच्या आत आणा. नुसतं कॉर्नफ्लोअर घालून भागत नाही. त्याने ग्लुटेन (मैद्याला चिवटपणा देणारं प्रोटीन) कमी होतं, पण क्लोरीनची सर येत नाही.

उलट, बेन्झॉइल पेरॉक्साइड या दुसऱ्या ब्लीचने फक्त पिवळसर छटा जाते, फुगण्यावर काही परिणाम होत नाही. त्यामुळे पाकिटावर नुसतं ‘ब्लीच्ड’ दिसलं म्हणून केक हलका होईल असं समजू नका. घटकांच्या यादीतले आकडे वाचा: 928 म्हणजे बेन्झॉइल पेरॉक्साइड, 925 म्हणजे क्लोरीन. 300 दिसला की लोक उगाच घाबरतात. ते एस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे क जीवनसत्त्व. पावाच्या कणकेला बळ यावं म्हणून घालतात, त्याचा ब्लीचशी संबंध नाही.

पांढराशुभ्र मैदा ब्लीच्डच असणार, हाही गैरसमज. तपासायचं तर दोन कोरड्या मैद्यांच्या चपट्या वड्या स्टीलच्या ताटलीवर शेजारी शेजारी सुरीच्या पात्याने दाबून बसवा. ताटली तिरकी धरून हळूच पाण्यात बुडवा, लगेच काढा आणि पाचेक मिनिटं थांबा. ओलं झाल्यावर रंगातला फरक उठून दिसतो. पिवळी झाक मुळीच नाही, पण कोंड्याचे तपकिरी ठिपके बरेच आहेत, तर ब्लीचचा संशय घ्यायला जागा आहे, कारण ब्लीचने कोंड्याचा रंग जात नाही. ठिपकेही नसतील, तर मैदा नुसता बारीक चाळलेलाही असू शकतो. पक्का निकाल यातून लागत नाही, अंदाज येतो.

पाव करायचा असेल तर रंग सोडा, पाकिटावरचं प्रोटीन बघा: 100 ग्रॅमला 11 ते 12 ग्रॅम हवं. नवं पाकीट फोडलं की ठरलेल्या पाण्यातलं दोन मोठे चमचे बाजूला ठेवून मळायला घ्या. कणीक घट्ट वाटली तरच ते घाला.

नानकटाई आणि शंकरपाळ्यांना ब्लीच्ड-अनब्लीच्ड दोन्ही मैदे चालतात. तूप जास्त, पाणी नाममात्र, त्यामुळे फरक फार तर रंगात दिसतो.

लंडनमध्ये राहणाऱ्यांना ब्लीच्ड की अनब्लीच्ड हा प्रश्नच पडत नाही. तिथे दुकानात ब्लीच्ड पीठ मिळत नाही. पण त्यामुळेच अमेरिकन रेसिपीतली साखर त्यांनाही कमी करावी लागते.