गार्डमध्ये माझी चूक पायांत नव्हतीच

जिउ-जित्सू (जमिनीवर पकडी आणि डावांनी खेळायची कुस्ती) सुरू केल्यावर पहिले दोन महिने माझ्या लेखी क्लोज्ड गार्ड म्हणजे समोरच्याच्या कमरेला पायांची कडी घालायची आणि जीव खाऊन आवळायचं. पाठ मॅटला सपाट चिकटलेली. मांड्या भरून यायच्या, कडी सुटायची आणि तो आरामात गार्ड पास करून, म्हणजे माझे पाय ओलांडून बाजूला येऊन, ३ गुण खिशात घालायचा.

प्रशिक्षकांनी एकच सांगितलं, आधी त्याला ताठ बसू देऊ नकोस. मग एका हाताने कॉलर, दुसऱ्याने बाही धरून, गुडघे छातीकडे ओढत मी त्याला पुढे वाकवायला लागलो. वाकला की तोल सावरायला तो हात मॅटवर टेकतो, आणि टेकलेला हात म्हणजे किमुराचं, म्हणजे हात पिरगाळून खांद्यावर ताण आणायच्या डावाचं, आमंत्रणच! त्याच वेळी कंबर बाजूला सरकवून थोडं कुशीवर व्हायचं. पाठ सपाट ठेवून माझा ना आर्मबार (कोपर उलटं ताणायचा डाव) लागला, ना सिझर स्वीप (पायांच्या कात्रीने समोरच्याला उलथवायचा डाव).

श्रिंपिंगचा, म्हणजे पडल्या पडल्या कंबर मागे ढकलत सरकण्याचा, मला भारी कंटाळा (वॉर्म-अपमध्ये चक्क टाळायचो). पण कडी सुटल्यावर मध्ये गुडघा घालून गार्ड परत मिळतो तो त्याच हालचालीने. गार्ड अजूनही पास होतो म्हणा, पण आता समोरच्याला घाम गाळावा लागतो.