पायथनमध्ये स्वतःचा डिक्ट लिहिणार असाल तर: वेब लायब्ररीत नव्याने येणाऱ्यांसाठी

वेब लायब्ररीवर काम करायला कोणी नवीन आलं की मी त्यांना पहिलं काम हेच देतो, डिक्टसारखा (की आणि व्हॅल्यूच्या जोड्या साठवणारा पायथनचा प्रकार) वागणारा एक कंटेनर लिहून आणा. काम छोटं वाटतं, कॉलेजात डिक्ट सगळ्यांनी वापरलेला असतो, पण एचटीटीपी म्हणजे काय, पायथनचं इनहेरिटन्स आतून कसं चालतं आणि एपीआय डिझाइन म्हणजे नेमकं काय हे तिन्ही या एका कामात कळतं म्हणून मला ते फार आवडतं. बऱ्याच जणांनी विचारलं की सुरुवात कुठून करायची, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय.

पायथनचा डिक्ट एका कीला एकच व्हॅल्यू देतो, वेबवर तसं नसतं. फॉर्ममध्ये चेकबॉक्स असतील आणि युजरने दोन टिक केले तर क्वेरी स्ट्रिंग (यूआरएलमधला प्रश्नचिन्हापुढचा भाग) येते रंग=लाल&रंग=निळा, आणि हे पूर्णपणे कायदेशीर आहे, कोणाची चूक नाही. आता तुमच्या कंटेनरला कोणी विचारलं की रंग काय, तर उत्तर काय द्यायचं? हा प्रश्न कोड लिहायच्या आधी सोडवा. मी तर म्हणतो एडिटर उघडूच नका तोवर.

कारण मोठमोठ्या लायब्ररींनीही याची वेगवेगळी उत्तरं दिलीयेत. फ्लास्क (जँगो, फास्टएपीआयसारखंच पायथनचं वेब फ्रेमवर्क) ज्याच्यावर उभा आहे त्या वर्कझॉइगचा मल्टीडिक्ट पहिली व्हॅल्यू देतो, म्हणजे लाल. जँगोचा क्वेरीडिक्ट शेवटची देतो, म्हणजे निळा. फास्टएपीआयच्या खाली असलेला स्टारलेट शेवटची देतो, एआयओएचटीटीपीवाल्यांची मल्टीडिक्ट लायब्ररी पहिली. सगळी व्हॅल्यू हवी असेल तर वर्कझॉइग आणि जँगोमध्ये गेटलिस्ट, एआयओएचटीटीपीकडे गेटऑल. यात चूक-बरोबर असं काही नाही, दोन्ही बाजूंनी कारणं देता येतात. पण एकाच रिक्वेस्टवर दोन थर काम करत असतील, बाहेरचा थर पहिली व्हॅल्यू बघून परवानगी तपासतोय आणि आतला थर शेवटची व्हॅल्यू घेऊन काम करतोय, तर झालं, हल्लेखोर पहिल्या जागी निरुपद्रवी खाते नंबर टाकेल आणि दुसऱ्या जागी त्याला हवा तो. याला पॅरामीटर पोल्यूशन म्हणतात आणि सिक्युरिटी ऑडिटमध्ये हे खरोखर तपासलं जातं. म्हणून तुमच्या डॉकस्ट्रिंगच्या, म्हणजे क्लासच्या सुरुवातीला लिहिलेल्या माहितीच्या, पहिल्या ओळीत लिहा की एकच की पुन्हा आली तर तिचं काय होतं. पहिली ओळ, तिसरा परिच्छेद नाही.

आता कोडकडे. नवीन माणूस बहुतेक वेळा थेट डिक्टपासून क्लास काढतो आणि डंडर सेटआयटम, डंडर गेटआयटम (नावाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर असलेल्या खास मेथड, चौकोनी कंस वापरला की याच चालतात) ओव्हरराइड करतो. समजा हेडरसाठी (रिक्वेस्टसोबत येणाऱ्या नाव-व्हॅल्यूच्या ओळींसाठी) कंटेनर करताय, हेडरच्या नावात कॅपिटल-स्मॉलचा फरक धरायचा नसतो, म्हणून सेट करताना की लोअर केली म्हणजे स्मॉल अक्षरांत आणली, घेतानाही लोअर केली. चौकोनी कंसाने टाकून बघितलं, चौकोनी कंसाने काढून बघितलं, दोन्ही चाललं, खूश. मग त्याच ऑब्जेक्टवर गेट मेथड कॅपिटलमधल्या नावाने बोलावा, नन येतं. कारण डिक्टचा गेट हा सी भाषेत लिहिलेला आहे, तो तुमच्या गेटआयटमला विचारतच नाही. कन्स्ट्रक्टरला आणि अपडेटला डिक्ट द्या, ते पण तुमचा सेटआयटम बाजूला ठेवून थेट आत लिहितात, म्हणजे कॅपिटल अक्षरांची की तशीच आत जाऊन बसते आणि आता ती चौकोनी कंसाने सापडतच नाही. कॉपी मेथड बोलावली तर तुमचा क्लास नाही, साधा डिक्ट परत मिळतो. पायथन ३.९ पासून आलेल्या दोन डिक्ट जोडणाऱ्या उभ्या दांडीच्या ऑपरेटरचंही तेच. हे चारही प्रयोग स्वतः आरइपीएलमध्ये (पायथनच्या प्रॉम्प्टवर) करून बघा, वाचून ते पटत नाही, हाताने केल्यावर पक्कं बसतं.

म्हणून माझा सरळ सल्ला, कलेक्शन्स डॉट एबीसीमधला म्युटेबलमॅपिंग घ्या. पाच मेथड लिहायच्या, गेटआयटम, सेटआयटम, डेलआयटम, आयटर आणि लेन, बाकी गेट, पॉप, अपडेट, सेटडिफॉल्ट, इन (की आहे का हे तपासणारा) हे सगळं तुमच्या त्या पाचांवरच उभं राहतं त्यामुळे मागच्या दाराने कोणी आत शिरत नाही. रिक्वेस्ट्स लायब्ररीचा केसइन्सेन्सिटिव्हडिक्ट असाच लिहिलेला आहे, आत लोअर केलेली की आणि तिच्यासमोर मूळ की आणि व्हॅल्यूची जोडी, त्यामुळे शोधताना केस बघायची नाही पण छापताना युजरने जसं लिहिलं तसंच दिसतं. छोटासा क्लास आहे, पहिल्यांदा सोर्स वाचायला याच्याइतकं चांगलं काही नाही.

पण एक किंमत मोजावी लागते, डेटा मजकुरात बदलणाऱ्या जेसन मॉड्यूलला म्युटेबलमॅपिंग कळत नाही, तो टाइपएरर देतो, त्याला खरा डिक्टच लागतो. म्हणून टू_डिक्ट अशी मेथड द्या. वर्कझॉइगच्या मल्टीडिक्टमध्ये ती आहे आणि फ्लॅट नावाचा पर्याय पण आहे, खरं दिलं तर एक-एक व्हॅल्यू, खोटं दिलं तर लिस्ट. हा पर्याय मला फार समंजस वाटतो कारण व्हॅल्यू गाळायच्या की नाही हे लायब्ररी गुपचूप ठरवत नाही, वापरणारा ठरवतो.

आणि फुकट मिळालेल्या मेथडवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, विशेषतः एका कीला अनेक व्हॅल्यू असतील तेव्हा. म्युटेबलमॅपिंग ज्याच्यापासून निघतो त्या मॅपिंगमधली बरोबरीची तपासणी काय करते, दोन्हीकडचे आयटम्स घेऊन साधे डिक्ट बनवते आणि ते ताडून बघते. तुमचा आयटम्स जर कीमागे फक्त पहिली व्हॅल्यू देत असेल तर लाल-निळा असलेला कंटेनर आणि नुसता लाल असलेला कंटेनर बरोबर ठरतात! टेस्टमध्ये असर्ट केलं तर टेस्ट हिरवी आणि डेटा मात्र अर्धा. तेव्हा इक्वल स्वतः लिहायचं, आणि ते लिहिलं की पायथन हॅश (डिक्टमध्ये की पटकन शोधायला लागणारा आकडा) आपोआप काढून टाकतो हेही लक्षात ठेवा, बदलता येणाऱ्या कंटेनरला ते योग्यच आहे. अपडेटचंही असंच, फुकटचा अपडेट जुनी व्हॅल्यू पुसून नवी ठेवतो, तर वर्कझॉइग आणि जँगो दोघंही अपडेटमध्ये जुन्याच्या मागे नवी जोडतात. लेन म्हणजे कीची संख्या की व्हॅल्यूची? कीची, कारण आयटर की देतो आणि दोघांचा हिशोब जुळायलाच हवा, तिथे दुसरं काही चालणार नाही.

आत साठवायचं कसं हा पुढचा मुद्दा. एक रस्ता म्हणजे डिक्टमध्ये कीसमोर लिस्ट, दुसरा म्हणजे जोड्यांची सरळ लिस्ट. पहिल्यात शोध झटपट होतो पण क=१&ख=२&क=३ असं आलं तर क, ख, क हा मूळ क्रम गेला. दुसऱ्यात क्रम राहतो पण दरवेळी लिस्ट पहिल्यापासून चाळायची. वर्कझॉइगने फॉर्मसाठी पहिला आणि हेडर्ससाठी दुसरा रस्ता घेतलाय. हेडर्स असतात किती, एका रिक्वेस्टला वीस-तीस, तेवढं चाळायला काही वेळ लागत नाही. आणि सेट-कुकी हेडर अनेकदा येतं, ते स्वल्पविरामाने जोडून एक करता येत नाही कारण कुकीच्या एक्स्पायर्स तारखेत वाराच्या पुढे स्वतःचाच स्वल्पविराम असतो, म्हणून प्रत्येक सेट-कुकीची ओळ वेगळी जपावीच लागते. अजून एक, हेडरच्या व्हॅल्यूत नवी ओळ आली तर तिथल्या तिथे व्हॅल्यूएरर द्या, नाहीतर कोणीतरी त्या नव्या ओळीतून स्वतःचं हेडर घुसवेल.

फॉर्मच्या बाजूला धोका वेगळा. २०११ च्या डिसेंबरमध्ये जर्मनीतल्या केऑस कम्युनिकेशन काँग्रेसमध्ये दाखवून दिलं गेलं की हॅश मुद्दाम एकच येईल अशा हजारो की एका पोस्ट रिक्वेस्टमध्ये भरल्या तर सर्व्हर नुसता डिक्ट भरण्यातच अडकून पडतो. त्यानंतर पायथन ३.३ पासून हॅश रँडमायझेशन डिफॉल्ट चालू झालं. जँगो फॉर्ममधल्या फील्डच्या संख्येवर १००० ची मर्यादा घालतो ती पण याच जातीच्या हल्ल्यांसाठी. तुमचा कंटेनर बाहेरून आलेला डेटा घेणार असेल तर मर्यादा पार्सरमध्येच (आलेला मजकूर फोडून की-व्हॅल्यू काढणाऱ्या भागात) घाला, डिक्ट भरून झाल्यावर मोजण्यात काही अर्थ नाही.

मला सगळ्यात सुंदर वाटणारी गोष्ट सांगतो. फ्लास्कमध्ये फॉर्ममधून नसलेली की चौकोनी कंसाने मागितली तर ५०० (सर्व्हरची चूक) येत नाही, ४०० बॅड रिक्वेस्ट (मागणाऱ्याची चूक) येतं. का? तर वर्कझॉइग जो एक्सेप्शन फेकतो त्याचा क्लास बॅडरिक्वेस्ट आणि कीएरर दोघांपासून निघालेला आहे. म्हणजे तुम्ही कीएरर पकडलात तर पकडला जातो, डिक्टचा करार पाळला गेला, आणि नाही पकडलात तर वर जाऊन तोच एचटीटीपीचं उत्तर बनतो. डिक्टचं वचन मोडायचं नाही आणि वेबचीही सोय बघायची हे इतक्या थोड्या कोडमध्ये केलंय की मी नवीन मुलांना ही जागा मुद्दाम उघडून दाखवतो. तुमच्या एक्सेप्शनलाही कीएररपासूनच काढा, नाहीतर मॅपिंगचा इन बिघडतो, तो आतून गेटआयटम बोलावतो आणि फक्त कीएरर पकडतो.

मराठीत काम करणाऱ्यांनी एक गोष्ट जास्त बघायची. हेडरची नावं फक्त आस्की (साध्या इंग्रजी अक्षरांची) असतात, तिथे लोअर पुरतो, पण की जर गावाचं नाव असेल, समजा कऱ्हाड, तर कोणाच्या कीबोर्डवरून ऱ हे एकच कॅरेक्टर येतं, कोणाकडून र आणि नुक्ता अशी दोन, कोणाकडून र, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर. स्क्रीनवर तिन्ही कऱ्हाडच दिसतात, डिक्टला मात्र तीन वेगळी गावं. युनिकोडडेटा मॉड्यूलच्या एनएफसी नॉर्मलायझेशनने (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करण्याच्या पद्धतीने) पहिली दोन एक होतात, जॉइनरवालं होत नाही, त्याला तुमचा स्वतःचा नियम लागतो. हा नियम कंटेनरच्या आत एकाच फंक्शनमध्ये ठेवा, की आत येताना आणि शोधताना दोन्ही वेळा तेच फंक्शन, आणि मूळ स्पेलिंग व्हॅल्यूबरोबर जपून ठेवा.

टेस्ट लिहिताना मी एक युक्ती वापरतो, शेजारी जोड्यांची साधी लिस्ट ठेवायची, हायपोथेसिस लायब्ररीला अॅड, डिलीट, अपडेट, पॉप कुठल्याही क्रमाने दोघांवर चालवू द्यायचे आणि प्रत्येक पायरीनंतर दोघं जुळतात का बघायचं. हाताने लिहिलेल्या टेस्टमध्ये न सुचलेले क्रम यात निघतात, उदाहरणार्थ पॉप. वर्कझॉइगचा पॉप पहिली व्हॅल्यू देतो आणि त्या कीच्या बाकीच्या सगळ्या टाकून देतो, हे असंच हवंय का याचा निर्णय तुमच्या लिस्टवाल्या मॉडेलमध्ये लिहावाच लागतो, टाळता येत नाही.

एवढं झालं की मग खऱ्या लायब्ररीच्या इश्यू ट्रॅकरकडे वळा. नवा क्लास घेऊन जाऊ नका, मेंटेनर लोकांना तो आयुष्यभर सांभाळावा लागतो. टाइप हिंट अपुरी असलेली मेथड, डॉकस्ट्रिंगमध्ये पुन्हा आलेल्या कीचा उल्लेख राहिलेली जागा, कॉपी किंवा पिकल केल्यावर (ऑब्जेक्ट बाइट्समध्ये साठवून पुन्हा उघडल्यावर) क्लास तोच राहतो का याची नसलेली टेस्ट, अशा ठिकाणी पहिला पॅच द्या. माझ्या टीममध्ये जे टिकले आणि पुढे गेले त्यांची सुरुवात बहुतेक अशाच एखाद्या टेस्टने झाली, आणि ती टेस्ट लिहिताना त्यांनी पूर्ण फाइल वाचून काढली होती.