गोव्यात करारावर नर्सिंग करताना

मिरजेत जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा करून चार वर्षे एकाच रुग्णालयात काढल्यावर मी गोव्यात करारावर काम घेतले आणि गेल्या तीन वर्षांत म्हापसा, पणजी व मडगाव परिसरातल्या तीन खासगी रुग्णालयांत स्टाफ नर्स म्हणून राहिले. बाहेरून येणाऱ्यांना संधी असते ती मुख्यतः अशा खासगी ठिकाणी, कारण गोवा सरकारच्या नोकरीसाठी 15 वर्षांचा रहिवास आणि कोकणीचे ज्ञान मागितले जाते. या कामाची चौकशी करणाऱ्या मुली आधी पगाराचे विचारतात. मी त्यांना आधी नोंदणीचे विचारते. महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी असली, तरी दुसऱ्या राज्यात रुजू होण्यापूर्वी तिच्याकडून ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन तिथल्या परिषदेत नाव नोंदवावे लागते. त्यात वेळ जातो, म्हणून ते कागद हातात येईपर्यंत चालू नोकरीचा राजीनामा देऊ नये. आणि मूळ प्रमाणपत्रे कोणाकडेही ठेवायला देऊ नयेत. एका ठिकाणी मी ती दिली आणि करार संपल्यावर परत मिळवण्यासाठी मला दोन महिने खेटे घालावे लागले.

नव्या वॉर्डातल्या पहिल्या आठवड्याबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवे. अनुभवी नर्सकडून या दिवसांत चूक होते ती अज्ञानामुळे नव्हे, तर जुन्या जागेच्या सवयीमुळे. हेपारिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची 5 मिलिलिटरची कुपी दोन ताकदींत मिळते : एकीत प्रत्येक मिलिलिटरला 1,000 युनिट असतात, दुसरीत 5,000. माझ्या आधीच्या रुग्णालयात पहिलीच येत असे, त्यामुळे 5,000 युनिटची ऑर्डर म्हणजे पूर्ण कुपी, हे हाताला पाठ झाले होते. गोव्यातल्या तिसऱ्याच नाइटला मी तशीच पूर्ण कुपी सिरिंजमध्ये भरली. डबल चेकसाठी आलेल्या सीनियर सिस्टरने मला लेबल मोठ्याने वाचायला लावले, आणि वाचता वाचताच माझ्या लक्षात आले की माझ्या हातात 25,000 युनिट आहेत. तो रुग्ण वाचला तो त्या सिस्टरच्या शिस्तीमुळे. तेव्हापासून नव्या ठिकाणी मी पहिल्याच ड्यूटीला औषधांचे कपाट आणि क्रॅश ट्रॉली, म्हणजे तातडीच्या औषध-साहित्याची गाडी, कप्प्याकप्प्याने उघडून पाहते, रात्रीचे ऑन-कॉल डॉक्टर कोण ते लिहून ठेवते आणि शिरेतून ठरावीक वेगाने औषध सोडणारा इन्फ्यूजन पंप वेगळ्या कंपनीचा असेल तर तो कोणाकडून तरी समजून घेते. विचारण्यात कमीपणा मानू नये.

दुसरी तयारी भाषेची. मराठी इथे बहुतेकांना समजते, पण दुखण्यातला माणूस आपल्याच भाषेत, म्हणजे इथे कोकणीत, बोलतो. एक वृद्ध आजी रात्री मला सारखे ‘तकली घुंवता गो’ म्हणत होत्या. तकली म्हणजे सूत कातायची, एवढेच मला ठाऊक. शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी डोके गरगरते असे सांगितल्यावर मी रक्तदाब पाहिला, तर तो 90 च्या खाली उतरला होता. खंय दुखता (कुठे दुखते), उदक (पाणी), वखद (औषध), न्हीद (झोप) असे पन्नास शब्द आधीच वहीत उतरवून घेतले तर असा वेळ वाया जात नाही.

करारात कामाचे तास, नोटिसीची मुदत आणि अनुभव प्रमाणपत्र यांच्याबरोबर सुई टोचल्यास उपचारांचा खर्च कोण करणार, हेही लिहून घ्यावे. हिपॅटायटिस बीच्या लशीच्या तीन मात्रा पूर्ण व्हायला सहा महिने लागतात, तेव्हा त्या घरूनच सुरू करून याव्यात. सुई टोचलीच तर जागा साबण-पाण्याने धुऊन लगेच कळवावे. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधे शक्यतो दोन तासांत आणि फार तर 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात.

खोली रुग्णालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर पाहावी, कारण रात्री उशिरा बस मिळणे कठीण असते. पर्यटकांचा हंगाम ऑक्टोबरपासून सुरू होतो आणि तेव्हा भाडी चढतात. मी पावसाळ्यातच अकरा महिन्यांचे ठरवून टाकते.

रजेचे गणितही पहिल्याच महिन्यात इनचार्ज सिस्टरशी बोलून घ्यावे. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, इथल्या हिंदू सिस्टर्सना आणि नाताळला ख्रिस्ती सिस्टर्सना घरी असावेसे वाटते. त्या दोन्ही दिवसांची ड्यूटी मी आपणहून मागून घेते, आणि दिवाळीला मला मिरजेला जाणारी गोवा एक्सप्रेस गाठता यावी म्हणून त्या माझ्या नाइट वाटून घेतात.