फौजेत चार्ज लागला तर वकील कधी गाठायचा आणि कसा निवडायचा

पुण्यात खडकी, दापोडी, वानवडी, लोहगाव, कुठंही गेलं तरी मिलिटरीचं गेट लागतंच, त्यामुळे इथं फौजींच्या केसेस घेणारे वकील मिळतात. अडचण वेगळीच आहे. पोरगा घरी फोन करतो तो बहुतेक वेळा सगळं उरकल्यावर, "डिसमिस केलंय, आता काय करायचं" म्हणून, आणि तोवर अर्धी केस युनिटमध्येच हरलेली असते. ट्रिब्युनल (फौजींच्या केसेसचं वेगळं न्यायालय) वगैरे सगळं आहे पण तिथं जज जे बघतात ते युनिटमध्ये तयार झालेले कागद, म्हणून वकील पकडायचा तो पहिल्या आठवड्यात.

खाली लिहिलंय ते आर्मी अ‍ॅक्ट १९५० आणि आर्मी रूल्स १९५४ धरून, हवाई दलाचा कायदा वेगळा (तोही १९५०चा) आणि नेव्हीचा १९५७चा, ढाचा बराच सारखा पण नियमांचे नंबर बदलतात.

सुरुवात बऱ्याचदा कोर्ट ऑफ इन्क्वायरीने (फौजेतली चौकशी) होते. पोरं म्हणतात "नुसती इन्क्वायरी आहे, स्टेटमेंट देऊन टाकलं". थांबा जरा. तुमच्या चारित्र्यावर किंवा मिलिटरी रेप्युटेशनवर बोट येणार असेल तर रूल १८० प्रमाणे तुम्हाला पूर्ण वेळ हजर राहायचा, साक्षीदारांना प्रश्न विचारायचा आणि स्वतःचे साक्षीदार द्यायचा हक्क आहे. हा हक्क वापरायचाच, कारण इथं १८० पाळला गेला असेल तर पुढची सीओ साहेबांसमोरची (युनिटचे कमांडिंग ऑफिसर) चार्जची सुनावणी (रूल २२ची) सीओ वगळू शकतात. म्हणजे गप्प बसून इन्क्वायरी काढली तर प्रश्न विचारायची एक अख्खी संधी गेली. तुमच्याविरुद्ध जी स्टेटमेंट्स वापरणार त्यांच्या कॉप्या रूल १८४ खाली मागता येतात, लेखी मागा, आणि मागितल्याची तारीख घातलेली कॉपी स्वतःकडे ठेवा.

रूल २२च्या सुनावणीत सीओ चार्ज काढून टाकू शकतात, स्वतःच शिक्षा देऊ शकतात, केस वरच्या अधिकाऱ्यांकडे पाठवू शकतात, नाहीतर पुरावा लेखी घ्यायला सांगू शकतात. तो लेखी पुरावा म्हणजे समरी ऑफ एव्हिडन्स, आणि माझ्या मते अख्ख्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा कागद हाच. प्रत्येक साक्षीदाराला तुम्ही उलट प्रश्न विचारू शकता, ते प्रश्न आणि उत्तरं लिहिली जातात. शेवटी तुम्हाला विचारतात की काही सांगायचंय का, आणि बोलायची सक्ती नाही, बोललात तर ते पुरावा म्हणून वापरलं जाऊ शकतं हेही सांगावंच लागतं. तेव्हा भावनेच्या भरात दोन पानी माफीनामा लिहून देऊ नका. या टप्प्यांवर वकील आत तुमच्या शेजारी बसून भांडत नाही, पण कोणत्या साक्षीदाराला काय विचारायचं, कोणता गेट रजिस्टरचा उतारा मागायचा, मेडिकल रिपोर्ट कधीचा आहे, ही लिस्ट तो बाहेरून करून देतो, आणि खरी फी त्याच कामाची असते.

आता कबुलीचं. "गिल्टी बोल, साहेब सांभाळून घेतील" हे वाक्य ऐकून गिल्टी बोललेली माणसं नंतर ट्रिब्युनलच्या दारात उभी असतात. सांभाळूनही घेतात कधीकधी, नाही असं नाही. पण समरी कोर्ट मार्शलमध्ये (युनिटमध्येच चालणारा झटपट फौजी खटला) सीओ स्वतःच कोर्ट असतात, जवान आणि एनसीओला (नाईक, हवालदार वगैरे) डिसमिस करू शकतात, सीओ लेफ्टनंट कर्नल किंवा वरचे असतील तर एक वर्षापर्यंत कैद, आणि सहसा ही शिक्षा वरून मंजूर होऊन यायची वाट न बघता लागू होते. डिसमिस झालं की पेन्शन सहसा गेलीच. एवढं पणाला लागलेलं असताना कुणाच्या तोंडी आश्वासनावर गिल्टी बोलायचं नाही, बोलायचंच असेल तर आधी वकिलाशी बोलून.

समरी कोर्ट मार्शलमध्येही रूल १२९ प्रमाणे मदतीला माणूस घेता येतो, तो वकीलसुद्धा चालतो, फक्त तो कोर्टाशी बोलू शकत नाही, तुमच्या कानात प्रश्न सुचवतो. डिस्ट्रिक्ट आणि जनरल कोर्ट मार्शलमध्ये (अनेक अधिकाऱ्यांसमोर चालणारे मोठे खटले) मात्र सिव्हिल वकील उभा राहून उलटतपासणी करू शकतो, शिवाय फौजेकडून डिफेंडिंग ऑफिसर (बचाव मांडणारा अधिकारी) मिळतो. चार्ज कळल्यापासून ट्रायल सुरू होईपर्यंत किमान ९६ तास मिळायला हवेत (अ‍ॅक्टिव्ह सर्व्हिसवर, म्हणजे युद्ध किंवा तशा मोहिमेवर, २४). कमी दिले तर तिथंच लेखी हरकत घ्या, नंतर हा मुद्दा फार उपयोगी पडतो.

सेक्शन ८०च्या छोट्या शिक्षा म्हणजे २८ दिवसांपर्यंतची कैद, लाइन्समध्ये बंदी, पगारातून दंड वगैरे, यांच्याकडे पोरं हसत बघतात, पण लाल शाईच्या एन्ट्र्या (रेकॉर्डवरच्या शिक्षेच्या नोंदी) साठत जातात आणि चार झाल्या की डिस्चार्जची नोटीस येते. वीरेंद्र कुमार दुबे केसमध्ये सुप्रीम कोर्टाने २०१५ साली सांगितलंय की चार एन्ट्र्या झाल्या म्हणून आपोआप घरी पाठवता येत नाही, आधी चौकशी हवी, नोकरीची वर्षं आणि कठीण भागातली पोस्टिंग बघायला हवी. शो कॉज नोटीस आली तर उत्तरात हेच मुद्दे तुमच्या सर्व्हिसच्या तपशिलासकट घाला, "पुन्हा चूक होणार नाही" एवढंच नको.

सुट्टीवरून उशीर झालाय असं असेल तर आई आजारी होती हे नुसतं सांगून भागत नाही, हॉस्पिटलचे कागद, युनिटला पाठवलेला मेल किंवा रजिस्टर पत्र जपून ठेवा, आणि स्वतःहून हजर व्हा. ३० दिवस उलटले की गैरहजेरीची इन्क्वायरी बसते आणि माणूस रेकॉर्डवर डेझर्टर (फौजेतून पळालेला) ठरू शकतो.

वकील निवडताना एक सोपी परीक्षा घ्या, विचारा रूल २२ आणि रूल १८० चा संबंध काय. शिवाजीनगर कोर्टात जामिनाच्या कामात वाघ असलेले काही जण इथं गोंधळतात, तो त्यांचा दोष नाही, हा विषयच वेगळा आहे. ट्रिब्युनलमध्ये चालवलेल्या केसेसचे निकाल दाखवायला सांगा. निकाल लागला तर एरिअर्सचे (मिळालेल्या थकबाकीचे) इतके टक्के द्या म्हणणारा वकील टाळा, बार कौन्सिलच्या नियमात ते बसतच नाही. टप्प्याटप्प्याने फी लिहून घ्या, इन्क्वायरीची किती, ट्रायलची किती, मुंबईत ट्रिब्युनलच्या प्रत्येक तारखेची किती. आणि युनिटचे गोपनीय कागद किंवा लोकेशन व्हॉट्सअ‍ॅपवर वकिलाला पाठवू नका, एका चार्जचे दोन होतील.

शिक्षा झालीच तर प्रोसिडिंगची कॉपी मागा (रूल १४७), सेक्शन १६४ची पिटीशन (शिक्षेविरुद्ध फौजेतल्याच वरिष्ठांकडे अर्ज) टाका. मग आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, पुण्यासाठी मुंबई बेंच. डिस्चार्ज वगैरे सर्व्हिस मॅटरसाठी (नोकरीची प्रकरणं) ट्रिब्युनलमध्ये जायला अंतिम ऑर्डरपासून सहा महिने, पिटीशनवर उत्तरच आलं नाही तर ती दिल्यापासून सहा महिने थांबायचं आणि पुढच्या सहा महिन्यांत जायचं. समरी कोर्ट मार्शलमध्ये डिसमिसल किंवा तीन महिन्यांपेक्षा जास्त कैद नसेल तर ट्रिब्युनल ते घेत नाही, अशा वेळी हायकोर्टाचा रस्ता वकिलाला विचारा.

पैशाची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा, कस्टडीतल्या माणसाला फुकट वकील मिळायचा हक्क आहे आणि तो अर्ज घरचेही नेऊन देऊ शकतात. सोबत चार्जशीटची कॉपी, आयडीची झेरॉक्स आणि युनिटचा पूर्ण पत्ता न्या.